चोई साहेबांनी शिकवलेली चार वाक्यं

अख्ख्या पालेगावात, अंबरनाथ-बदलापूर धरून बोललात तरी चालेल, कोरियन भाषा बोलणारा पहिला माणूस मी. वाक्यं मला चारच येतात, आणि चारही पैशाची, जो आपल्याकडे कधी नव्हता.

हे मी बोलतोय आणि माझी पोरगी प्राची मोबाईलवर टाइप करतेय, कारण शाळेने मला चौथीतच सोडलं. लोक बोलतात, किसनने शाळा सोडली. तसं नाय. मी जायला तयार होतो, मास्तरच तयार नव्हते. तर ही प्राची हल्ली दिवसभर कोरियन सिरियल बघते आणि मोबाईलवरच ती भाषा शिकते. मागच्या महिन्यात गॅसजवळ उभी राहून पोहे हलवता हलवता स्वतःशीच पाठ करत होती, "तोन इस्सोयो? तोन इस्सोयो?" मी बाहेर रिक्षाचा आरसा पुसत होतो. तिथूनच बोललो, "मानायो! तोन मानायो!" तिच्या हातातला झारा खाली पडला. बाहेर येऊन माझ्याकडे असं बघत राहिली, जसं काय रिक्षाच बोलली. "बाबा, तुम्हाला कुठनं येतं हे?" मी बोललो, बस, सांगतो. पोहे करपले.

तीस वर्षं झाली. आमचं घर तेव्हा पालेगावच्या टोकाला, आनंदनगरच्या बाजूला. खाली दोन खोल्या, पडवी, आणि वर बाबांनी हौसेने टाकलेला स्लॅब, त्यावर एकच खोली बांधून झालेली. बाकीच्या स्लॅबमधून लोखंडी सळ्या वर आलेल्या, पुढे कधीतरी आणखी खोल्या होतील म्हणून. त्या सळ्यांना आई दोऱ्या बांधायची आणि बोंबील सुकत टाकायची. लांबून बघितलं तर वाटायचं, घराला पताका लावल्यात. पलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे एमआयडीसी. त्यातली एक कंपनी आमच्या शेतावरच उभी होती. शेत गेलं, पैसे आले, पैशाचा स्लॅब झाला, थोरल्या बहिणीचं लग्न झालं, संपलं. बाबा त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. खाकी शर्ट घालून स्वतःच्याच शेताची राखण करायचे. कोणी विचारलं तर बोलायचे, "पहिले पाखरं हाकलायचो, आता ट्रक मोजतो." हसायचे पण. माझा हा जोकरपणा कुठनं आला ते तुम्हाला कळलं असेल.

मी पण तिथेच, कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर. कंपनीत गाड्यांमध्ये बसतात ते रबराचे गोल सील बनायचे. नवीन मशीन आलं कोरियावरून, आणि मशीनबरोबर ते बसवणारा माणूस आला, चोई साहेब. आठ महिने राहणार होते. त्यांना दूर अंबरनाथात ठेवण्यापेक्षा कंपनीने आमची वरची खोलीच भाड्याने घेतली. जेवण आईच्या हातचं, असं ठरलं. साहेब जीपमधून उतरले ते बारीक, चष्मेवाले, पायात घरातल्या सपाता, आणि उतरल्या उतरल्या आईसमोर कमरेत वाकले. आई दचकून मागे सरकली. मग बाबांसमोर वाकले, मग माझ्यासमोर, मग पाण्याच्या टाकीसमोर पण जरा वाकल्यासारखे झाले. आई आत येऊन मला हळूच विचारते, "काय रे, पाठीचा काय त्रास हाय का त्याला? तेल लावून देऊ?"

पहिले दोन दिवस आईने पाहुणा परदेशातला म्हणून बिनतिखटाची डाळ, बटाटा, चपाती असं पाठवलं. ताट जसंच्या तसं खाली यायचं. आई रडकुंडीला आली. तिसऱ्या दिवशी तिने आमच्यासाठी तव्यावर सुकट भाजायला घेतली. सुकट भाजली की आमच्याकडे तो वास शेजारच्या तीन घरांना आमंत्रण देऊन येतो. बघतो तर साहेब स्वतःच जिना उतरून आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे, नाक वर, डोळे मिटलेले. आईने घाबरत घाबरत भातावर मूठभर सुकट, कांदा, वर लिंबू असं दिलं. तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले. अर्धं ताट झाल्यावर छातीवर हात ठेवून आईला काहीतरी बोलले, लांबलचक, आणि त्यांच्या चष्म्यावर वाफ आली. भाताची वाफ असेल. मला तरी तेव्हा तसंच वाटलं. आता मी पण पोरीला हॉस्टेलवर सोडून आलोय एकदा, त्यामुळे ती भाताची नव्हती हे कळतं.

त्या दिवसापासून साहेब घरचे झाले. आईने भाकऱ्या थापायला घेतल्या की त्यांच्या खोलीत रेडिओ बंद व्हायचा. तांदळाची भाकरी थापायचा आवाज तुम्ही ऐकलाय का? टाळ्यांसारखाच असतो, फक्त ओला. साहेब तो आवाज ऐकत जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे. खाली आईच्या टाळ्या, पलीकडे कंपनीत प्रेसचा धप... सूं... धप... सूं... आणि मध्ये आम्ही.

शिकवणी सुरू झाली ती अशीच, संध्याकाळी, स्लॅबवर. विद्यार्थी दोन, मी आणि मिलिंद. मिलिंद माझा दोस्त, अंबरनाथचा, आयटीआय पास, आमच्याच कंपनीत मशीन ऑपरेटर. त्याचे बाबा कारखान्यात युनियनचं काम करायचे, घरात पुस्तकं होती, आणि मिलिंदला सवयच अशी की कोणी नुसतं शिंकलं तरी वहीत लिहून ठेवेल. साहेबांना मराठी शिकायचं होतं आणि आम्हाला काय शिकायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. साहेबांनी खिशातून दहाची नोट काढली, तळहातावर ठेवली आणि बोलले, "तोन." म्हणजे पैसा. मग हात पुढे करून, "तोन इस्सोयो." पैसा आहे. मग नोट पाठीमागे लपवली, रिकामा हात दाखवला, चेहरा एवढासा केला. "तोन ओप्सोयो." पैसा नाय. मग खिशातली सगळी चिल्लर, नोटा, जीपची बिलं पण, ओंजळीत घेऊन डोळे मोठे केले. "तोन मानायो!" बक्कळ आहे. मी एवढा हसलो की आई खालून ओरडली, "पडशील रे सळ्यांवर!" आणि चौथं, आईच्या बोंबलांकडे बोट दाखवून, "ओल्मायेयो?" केवढ्याला?

मध्ये एक शब्द आणखी होता, चोगुम. म्हणजे थोडं. साहेब विचारायचे, "मिलिंद, तोन इस्सोयो?" तर तो विचार करून खिसा चाचपून बोलायचा, "चोगुम." थोडे आहेत. खरोखरच थोडे असायचे. तो शब्द मी शिकलोच नाय. थोडं हे मला कधी पटलंच नाय. माझी पाळी आली की मी दोन्ही हात पसरून "मानायो!" साहेब टाळ्या वाजवायचे. माझ्या खिशात रोज फक्त बीडीबंडल. आणि "ओप्सोयो" बोलायची वेळ आली की माझ्या जिभेला काय व्हायचं कोण जाणे. बोलायचो, पण तोंडातल्या तोंडात, जसं काय ती शिवी आहे.

प्राचीला मी सांगितलं, तुझा मोबाईल शिकवत नसेल अशी एक गोष्ट मला त्या स्लॅबवर कळली. आपण बोलतो, माझ्याकडे पैसे आहेत. साहेबांच्या भाषेत माझ्याकडे-तुझ्याकडे बोलायलाच लागत नाय. तोन इस्सोयो. पैसा आहे. बस. कोणाकडे, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. तेव्हा मला हे फार आवडलं. संध्याकाळी मलंगगडाच्या बाजूला आभाळ विटकरी व्हायचं, चिमण्यांचा धूर आडवा पसरायचा, वर बोंबील हलायचे, आणि मी सिमेंटच्या गोणीला टेकून तेच घोळवत बसायचो. पैसा आहे. कुठेतरी आहे. त्या धुरासारखा, कोणाचा नाय, आज एमआयडीसीवर, उद्या वारा फिरला की आमच्या स्लॅबवर. मिलिंद वही बंद करून घरी जायचा. मी तसाच बसायचो.

एकदा साहेबांनी बर्फ सांगितला. हाताने दाखवला, वरून पडतो, असा असा, जमिनीवर साचतो. आम्हाला कळेना. मग आईचं मिठाचं मडकं आणलं, मूठभर मीठ घेतलं आणि स्लॅबवर हळूहळू सोडलं. आईचं माहेर खाडीकडचं, तिच्या बापाची मिठागरं होती. लहानपणी मी बघितलेले तिथले मिठाचे ढीग, उन्हात डोळे दिपवणारे. झालं. माझ्या डोक्यात कोरिया म्हणजे माझ्या आजोबांचं मिठागर, फक्त थंड. सगळीकडे पांढरं, त्यात लाल छपराची घरं, प्रत्येक घराच्या दारात सुकट वाळत टाकलेली, आणि माणसं एकमेकांना वाकून विचारतायत, पैसा आहे का? आहे, आहे, बक्कळ आहे. रोज दुपारी मशीनजवळ उभा राहून मी तिथे जाऊन यायचो. धप... सूं... धप... सूं... परत येईपर्यंत बऱ्याचदा मशीनचा लाल दिवा लागलेला असायचा आणि मिलिंद धावत येत असायचा.

मग कंपनीत बातमी आली. एका पोराला वर्षभर कोरियाला नेणार, मशीनचं सगळं शिकवणार, परत आल्यावर पर्मनंट. तिकीट, राहणं, खाणं सगळं कंपनीचं. कोण जाणार ते चोई साहेब ठरवणार. आता मला सांगा, चोई साहेब जेवतात कोणाकडे? आमच्याकडे. वाक्यं मोठ्याने कोण बोलतो? मी. मी तर मनातल्या मनात स्वेटर पण घेऊन टाकला. रात्रंदिवस एकच, आपण जाणार. बाबांना गेटवरून काढायचं, खाकी शर्ट बोहारणीला द्यायचा, एवढं सगळं त्या एका विमानावर लादलेलं.

कॅन्टीनवाला चंदू सेठ, उल्हासनगरचा, पाच नंबर कॅम्पातला, त्याला कंपनीतलं सगळं मॅनेजरच्या आधी कळायचं. त्याने मला चहाचा ग्लास देता देता बाजूला घेतलं. "सुन साईं, अंदर की बात है. साहब उसीको ले जाएगा जिसके घर में कुछ नहीं है. तुमच्या गावचे मागचे दोन पोरं बघितले ना? जमीन विकली, गाडी घेतली, दुसऱ्या दिवशी नोकरीला टाटा. पैसेवाला लड़का टिकता नहीं. तुझ्याकडे विचारणार साहेब, घरात पैसा है क्या. बोल देना, नहीं है. सीधा."

"एवढंच?" मी बोललो. "नाहीच आहे ओ सेठ. खोटं पण बोलायला नको."

"तो फिर टेन्शन काय?" चंदू सेठ बोलला. आणि त्याच दमात, "बहिणीची शादी आहे ना तुझ्या? मेरे चाचा के लड़के का दुकान है, एक ग्रॅम का माल. चेन देखेगा तो तेरा बाप भी बोलेगा असली है."

एकाच तोंडाने त्याने मला गरीब राहायला सांगितलं आणि चार चेनी विकल्या. मी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या.

धाकटी बहीण सुगंधा, तिची हळद. आमच्या लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी, हे तुम्हाला माहीत असेल. दुपारपासूनच मांडव भरला. उंबराची डहाळी बांधून झाली, भागीमावशी पाटावर बसली. भागीमावशी आमची धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी तिनेच गायची, भटजी नंतर. आवाज असा की वाटायचं विहिरीत कोणीतरी कळशी सोडतंय, खोल, सावकाश. नवरीचं नाव, आईबापाचं नाव, गोत, गाव, सगळ्या देवांना आमंत्रण. त्यात तिने मध्येच चोई साहेबांना पण ओवलं, चिनी देशाचा पाहुणा आला, भाकरी खायला आला. मी बोललो, मावशी, चीन नाय, कोरिया. मावशी डोळे न उघडता बोलली, "गान्यात बसत नाय तो." बायकांनी साहेबांच्या गालांना हळद फासली. ते प्रत्येकीसमोर वाकत होते आणि प्रत्येक वेळी वाकले की डोक्याला पण हळद लागत होती. तांदळाच्या पिठाचे वडे तळले जात होते, मटणाला उकळी येत होती, सगळ्या मांडवात तेलाचा आणि हळदीचा पिवळा धूर. मला आजही तो मांडव पाण्याखाली असल्यासारखा आठवतो. सगळं हळू हलणारं, सोनेरी, आवाज लांबून येणारे.

आणि सोनं. त्या वर्षी गावात बिल्डर फिरत होते. ज्याच्या त्याच्या गळ्यात जमीन लटकत होती. आमच्या बाळामामाच्या गळ्यात तर सायकलच्या साखळीएवढी चेन, त्यात गणपतीचं पेंडल बशीएवढं. मी पण सदऱ्याची वरची तीन बटणं उघडी ठेवून चार चेनी मिरवत होतो. उन्हाने गरम होऊन मानेला चरचरत होत्या. खऱ्या सोन्याने माणसाला घाम येतो का माहीत नाय, माझ्या मानेवर हिरवा पट्टा उमटला होता, तो मी कॉलर वर करून लपवला.

बाळामामा ग्लास घेऊन आला. "काय रे किसन, या सायबाची भाषा बोलतोस बोलतात. का नुस्त्या बाता?"

"बाता कशाला? येते मला."

"मग बोल ना. अरे बंद करा ती पोरांची पिपाणी! किसन इंग्लिश बोलतोय!"

"कोरियन," मी बोललो.

"तेच ते. बोल."

सगळे गोळा झाले. बायका चुलीवरून उठून आल्या. बाबा पांढरी टोपी घालून खुर्चीवर बसले होते, ते पुढे वाकले. साहेबांना वाटलं, आपला विद्यार्थी परीक्षेला बसलाय. ते खूश. हातातला वडा बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि स्लॅबवर विचारायचे तसंच, हळू, शब्द सुटे करून विचारलं, "किसन. तोन इस्सोयो?"

झालं. तोच प्रश्न. मला वाटलं, चंदू सेठ बोलला तो हाच. आत्ताच. कोरियाचं विमान मांडवात उतरलंय आणि दार उघडलंय. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. चार दिवस मोरीत पाणी ओतून घेताना पाठ केलं होतं. ओप्सोयो. ओप्सोयो. पाण्याच्या पिंपाजवळ मिलिंद वाढायला जग भरत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाय बोल, नाय.

आता मजा ऐका. त्या अख्ख्या मांडवात कोरियन कळणारी माणसं तीन. साहेब, मिलिंद आणि मी. मी "आमच्याकडे फुटकी कवडी नाय" असं बोंबलून सांगितलं असतं तरी बाळामामाने टाळ्याच वाजवल्या असत्या. नंतर काय बोललास विचारलं असतं तर मी काहीही सांगितलं असतं. कोणाच्या बापाला कळणार होतं? एवढी सुरक्षित जागा माणसाला खरं बोलायला जन्मात मिळत नाय. आणि तरी, बाबांची ती टोपी समोर, सुगंधाचा पिवळा चेहरा, मामाची सायकलची साखळी, गळ्यात माझ्या चार चेनी तापलेल्या, आणि माझी जीभ वळेना. मी दोन्ही हात पसरले.

"मानायो! तोन मानायो, साहेब!"

चेनी खळखळल्या. "काय बोलला? काय बोलला?" चहूकडून. मी बोललो, "साहेबांनी विचारलं, पैसा हाय का. मी बोललो, बक्कळ हाय!" मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. बाळामामाने मला उचललं. ढोलवाल्याने उगाच एक ठोका दिला. साहेब हसले, टाळ्या वाजवल्या, परत वडा हातात घेतला. मिलिंद खाली वाकून जग भरत राहिला. तो भरून वाहायला लागला तरी भरतच होता.

लग्न झालं, सुगंधा सासरी गेली, घर एकदम मोठं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी कंपनीत बोर्डावर कागद लागला. मिलिंदने मला वाचून दाखवला, कारण मला वाचता येत नव्हतं, आणि वाचताना स्वतःचं नाव तो एवढं हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं.

संध्याकाळी मी चार चेनी खिशात घालून वर गेलो. साहेब स्लॅबवर बसून भात-सुकट खात होते. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो, एक चेन काढली आणि स्लॅबच्या खडबडीत कठड्यावर घासायला लागलो. घास घास घासली. सोनं गेलं, खालून पितळ आलं. मी ती त्यांच्या पुढ्यात धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा, तोंड भरून, एकेक अक्षर नीट, बोललो, "साहेब. तोन ओप्सोयो."

साहेबांनी चेन घेतली. उजेडात धरली, नखाने खरवडली, चष्मा वर करून जवळून बघितली. इंजिनीयर माणूस. मुलामा कसा दिलाय ते बघत होते. "गुड वर्क," बोलले. मग बाकीच्या तीन बघितल्या. मग विचारलं, "ओल्मायेयो?"

मी सांगितलं केवढ्याला ते. त्यांनी दोन विकत घेतल्या. एक बायकोला, एक सासूला. मी परत बोललो, तोन ओप्सोयो साहेब, खरंच ओप्सोयो, घरात पण, बाबा पण, सगळे ओप्सोयो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "किसन," बोलले, "व्हेरी गुड कोरियन." मग, "कोरिया, मिलिंद." आणि ताटातली उरलेली सुकट माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघांनी खाल्ली. मलंगगडाकडे उजेड मावळत होता. धूर आडवा पसरला होता, कोणाचा नाय तसा.

महिन्याभराने सकाळीच दोघं गेले, एकाच जीपमध्ये. आईने मिलिंदच्या बॅगेत सुकटीचा डबा दिला, वर कापड बांधून. बाबा गेटवर होते, त्यांनी जीपला सलाम मारला. मी बॅग उचलून दिली. नंतर किती दिवस आई अंदाज चुकून एका माणसाचा भात जास्त लावायची आणि तो दुसऱ्या दिवशी मी फोडणी देऊन खायचो. मी पुढे रिक्षा घेतली. कोरियाला कधी गेलो नाय. बर्फ अजून बघितला नाय. पण रिक्षात मागे कोणी पोरं कोरियन गाणी लावून बसली की मी आरशातून विचारतो, तोन इस्सोयो? पोरं उडतात. भाडं मात्र सुट्टे नाय बोलून कमीच देतात.

आणि ही गोष्ट मी सांगायचो. घर सोडून सगळीकडे, लग्नात, नाक्यावर, रिक्षा स्टँडवर. एका वाक्याने माझा कोरिया गेला, नायतर आज किसन कुठे असता. लोक हळहळायचे, कोणीतरी चहा पाजायचं. तीस वर्षं मी त्या चहावर काढली बोललात तरी चालेल.

परवा मिलिंद आला होता, बदलापूरवरून, बायकोला घेऊन. आता रिटायर झालाय, बदलापूर गावात फ्लॅट आहे. प्राची त्याच्याशी कोरियनमध्ये काय काय बोलली, तोही सरसर बोलत होता, मी मध्येच "मानायो" टाकत होतो. मग चहा आला आणि मी सुरू केलं. मांडव, मामाची चेन, विमान दारात, माझी जीभ. प्राचीचे डोळे परत भरून आले. "बाबा, फक्त एक शब्द..." बोलली. मी पण जरा आवाज घोगरा केला.

मिलिंदने कप खाली ठेवला. "किसन, आता पोरगी मोठी झाली. खरं सांगू का?"

"काय?"

"माझ्या नावाचा फॅक्स कोरियाला हळदीच्या पंधरा दिवस आधीच गेला होता. साहेबच बोलले मला, त्याच्या घरात कार्य आहे, आत्ता बोलू नको. मांडवात त्यांनी तुला धडा विचारला रे, रोज विचारायचे तसा. वाढपी, आचारी, सगळ्यांनाच विचारत होते ते."

मी बोटांवर दिवस मोजले. मग बोललो, "म्हणजे मी ओप्सोयो बोललो असतो तरी?"

"तरी तेच."

"मग चंदू सेठ बोलला ते? आणि पंधरा दिवस आधी माझं नाव कापलं कोणी?"

मिलिंदने बिस्किट चहात बुडवलं. "कापायला आधी लिहावं लागतं. दोन महिन्यांत तीन वेळा मशीन बंद पाडलंस तू. तुझं नाव नव्हतंच कधी."